सांगता येत नाही

प्रश्न एकच, छापील:
खाजगी शाळेची फी सरकारनं भरावी का?
पुढे तीन चौकोन.
होय. नाही. सांगता येत नाही.
पेडण्याच्या साहेबांनी गठ्ठा हातात दिला,
म्हणाले, बाई, तुमच्याकडे मुलं नऊ,
तुम्हाला वेळच वेळ.

उमावती गडेकर आबोलीचे वळेसर गुंफत होती.
भरूंदी की, म्हणाली,
नातवाचे बूट, टाय, वह्यांची कव्हरं,
मागची खोली भाड्यानं दिली त्याच्यासाठी.
तिथली टीचर इंग्रजीत रागावते म्हणे.
पोर घरी येऊन रडतं,
कशासाठी, ते मला कळत नाही.
तुम्ही त्याच्या बापाला बडवायच्या, ते कळायचं.
दोरा दातांनी तोडला.
मी होयवर खूण केली.

वाटेत पोदेर इनास.
सायकल मांडीला टेकवून ऐकलं, भोंगा एकदा दाबला.
सरकाराचे पैसे म्हणजे कोणाचे गो टीचर?
माझ्या उंड्यांचेच मरे.
देऊंदी. पूण मग त्या शाळेतल्या भुरग्यांनी
रस्त्यात मला बोंजूर तरी करावं.
खूण कुठे करू विचारलं
तर म्हणाला, तूंच घाल, तुझं अक्षर बरं.

गुणाजी शेटगावकर खुर्चीतून उठले.
एक पैसा नाही!
मातृभाषेसाठी आम्ही उन्हात बसलो होतो रस्त्यावर,
तेव्हा तुम्ही परकरात होता.
ते बोलत होते,
आणि त्यांच्यामागे दोरीवर
पांढरे मोजे वाळत होते. सहा.
पट्ट्यापट्ट्यांचे दोन टाय.
त्यांनी माझ्या नजरेमागून मान वळवली,
मग बराच वेळ चष्मा पुसला.
सुनेचं ऐकावं लागतं, बाई.
नाहीच लिहा पण.
मी नाही लिहिलं.

बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत निंगव्वा.
तिला मराठी येत नाही,
म्हणून प्रश्न पवित्रानं विचारला, माझ्या तिसरीतल्या.
प्रश्न एका ओळीचा,
ती कन्नडमध्ये कितीतरी वेळ बोलत राहिली,
मध्येच माझ्याकडे बोट दाखवलं,
मध्येच शाळेच्या दिशेनं.
आईनं परातीतलं पीठ मळणं थांबवलं.
दोनच शब्द बोलली.

काय म्हणते?
ती विचारते, बाई जाणार?

कुठे, ते मीही विचारलं नाही.
चौकोन तीनच होते.

रात्री गठ्ठा मोजला तर एक फॉर्म कोरा.
माझा.
(माझा मुलगा म्हापशाला शिकला,
सात वर्षं मी त्याला पहाटे बसस्टॉपवर सोडून
मग मराठी शाळेचं कुलूप उघडायला यायचे.
कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.)
पेन लाल होतं, पेपर तपासायचं,
दिवसभर लक्षातच आलं नाही.
इतकी माणसं, इतकी वेगवेगळी उत्तरं,
सगळ्यांना मी
बरोबरची खूण देऊन आले होते.

सकाळी नऊपैकी सात आली.
उरलेले फॉर्म चित्रकलेला वाटले,
मागची बाजू कोरी आहे म्हणून.
पवित्रानं पुढची बाजूच वापरली.
तीन चौकोनांना खाली चाकं,
वर पिवळा रंग, धुराचं एक वेटोळं.

बालरथ, म्हणाली.
आमच्या गेटावरून रोज जातो तो, न थांबता.
पहिल्या खिडकीत ती स्वतः, दुसरीत भाऊ.
तिसरी रिकामी.

ही माझी का?

नाही बाई, ती नाही.
तिनं पानाच्या अगदी कडेला दाखवलं,
एक साडी, एक हात वर केलेला,
आणि हातात छडी का फूल
ते काही नीट कळत नव्हतं.